त्रेसष्ट नंबरच्या ओळीतले सव्वीस महिने

मी जालन्याच्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचो. घरातून निघताना मांजर आडवं गेलं की आमची ही मला मागे बोलवायची आणि मी मुद्दाम मांजराला थँक्यू म्हणून पुढे जायचो. असला आगाऊ माणूस. या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले असले अनुभव वाचूनही मी पूर्वी हसायचो, हे आधीच कबूल करतो.

गोष्ट दोन हजार सालानंतरची, एचआयव्हीच्या मोफत गोळ्या आमच्या भागात यायच्या आधीची. माझी पीएचडी चालली होती... हा आजार नवऱ्याकडून बायकोकडे कसा जातो आणि लागण झाल्यावर माणूस किती जगतो, याचं गणिती मॉडेल. डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरमध्ये मी दोनशे काल्पनिक माणसं बसवली होती. एक माणूस म्हणजे एक ओळ. प्रोग्राम दर महिन्याला प्रत्येकाच्या नावानं फासे टाकायचा — या महिन्यात टिकला की गेला. फासेच ते, त्यामुळे प्रोग्राम पुन्हा चालवला की प्रत्येकाचा आकडा बदलायचा. असलं मॉडेल एकट्या माणसाबद्दल काही सांगू शकत नाही, दोनशेंचा मिळून अंदाज तेवढा येतो. हे मी वर्गात घसा कोरडा करून सांगायचो.

त्याच वर्षी माझी धाकटी बहीण सुनंदा घनसावंगीहून चार वर्षांच्या पोरीला घेऊन कायमची आमच्याकडे आली. नवरा वारला होता आणि त्याला काय झालं होतं ते सासरच्यांनी शेवटपर्यंत लपवलं होतं. आम्ही दोघींची टेस्ट केली. पोरगी निगेटिव्ह, सुनंदा पॉझिटिव्ह.

त्या दुपारी मी डिपार्टमेंटला जाऊन आतून कडी लावली आणि शिकलेल्या माणसानं करू नये ते केलं. त्रेसष्ट नंबरच्या काल्पनिक माणसाचं वय, रक्ताचे आकडे पुसले आणि तिथं सुनंदाचे टाकले. उत्तर आलं — आजपासून सव्वीस महिने. पुन्हा चालवलं. बाकी सगळ्या ओळी बदलल्या, त्रेसष्ट तिथंच. दहा वेळा चालवलं... सव्वीस.

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांना बोलावलं, पण ओळ कुणाची ते सांगितलं नाही. ते आठवडाभर प्रोग्राममध्ये डोकं घालून बसले. सुनंदाचेच आकडे त्यांनी एकशे दहा नंबरला टाकून बघितले, तर तिथं दर वेळी वेगळं उत्तर. त्रेसष्टला मात्र सव्वीसच. "सर, गलती सापडून न्हाई राह्यली. ही ओळ काढूनच टाका तुम्ही," ते म्हणाले. मी काढली नाही. रोज सकाळी लेक्चरच्या आधी एकदा चालवून बघायचो, आज तरी हलेल म्हणून. खोटं कशाला बोलू, लोक देवासमोर बसतात तसा मी त्या मशीनसमोर बसायचो.

एक दिवस सुनंदा डबा घेऊन आली. मी स्क्रीनकडे बघत होतो, डोळे भरलेले.

"काय बघून राह्यला, दादा?"

"काई न्हाई. कॉलेजचं काम."

"माझ्याच बिमारीचं हाय नं ते? डॉक्टर बराबर सांगत न्हाईत. तू तरी खरं सांग. मला पोरीचं बघावं लागंल."

यातून एकट्या माणसाचं काही कळत नसतं, एवढंच मी म्हणायला हवं होतं. हजारदा म्हटलेलं वाक्य होतं. पण तोवर माझाच त्या आकड्यावर विश्वास बसला होता. मी आकडा सांगितला.

ती रडली नाही. शिलाई मशीन मागवली आणि पोरीसाठी पुढच्या एकेका वर्षाच्या मापाचे फ्रॉक शिवायला बसली. सर्दी-ताप आला की हसायची. "आत्ताच कुठं, लई टाइम हाय अजून," म्हणायची, औषध घ्यायची आणि बरी व्हायची. दोन वर्षं ती आमच्या घरात अशी ठणठणीत वावरली की आकडा चुकला, असं मला वाटायला लागलं. मी मनातल्या मनात नाचत होतो.

सव्विसाव्या महिन्यात ताप आला. आधी चारदा येऊन गेलेला तसलाच, साधा. मी रिक्षा दारात आणली.

"उगा कशाला धावपळ, दादा? तूच सांगितलंतं नं."

"चुकलो मी, बाई. येडं हाय ते मशीन. चल, जल्दी चल."

"न्हाई. मला पोरीजवळ राहू दे."

तिला उचलून दवाखान्यात नेलं. ताप एवढा मोठा नाही, पण पेशंटच साथ देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती तोंडातली गोळी थुंकून टाकायची. चौथ्या दिवशी गेली... महिना संपायला आठ दिवस होते.

तेरावं उरकून कॉलेजात गेलो आणि प्रोग्राम चालवला. त्रेसष्टला एकेचाळीस आलं. पुन्हा चालवला — नऊ. पुन्हा — सदुसष्ट. ती ओळ बाकीच्यांसारखी हलायला लागली होती. मी एक अक्षर बदललं नव्हतं.

पुढे वर्षभरात मोफत गोळ्या मिळायला लागल्या. सुनंदासारख्याच तब्येतीच्या बाया त्या गोळ्यांवर आज शेतात कामाला जातात. त्या दिसल्या की मी रस्ता बदलतो. पीएचडी केव्हाच सोडली.

स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही. इतक्या वर्षांत दोनच गोष्टी सुचल्या. एक तर त्या ओळीला आधीच काहीतरी ठाऊक होतं. किंवा ओळ नुसती बिघडली होती, आणि माझी बहीण मी सांगितलं म्हणून गेली. पहिली गोष्ट माझ्या बुद्धीला आजही पटत नाही. पण तीच खरी असू दे, म्हणून मी रोज हात जोडतो.