आधी पत्ता, मग काम

कोलशेतच्या ऑफिसात पहिल्या सकाळी मला वाटलं, आपला कीबोर्ड बंद आहे. काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला होता आणि मी कितीही बटणं दाबली तरी काहीच उमटत नव्हतं. साधा ठिपकासुद्धा नाही. कुणाला विचारायचं म्हणजे बोलावं लागणार, म्हणून मी टेबलाखाली वाकून वायर काढली, पुन्हा लावली आणि शेवटी शेजारच्या रिकाम्या टेबलावरचा कीबोर्ड उचलून आणला. तोही तसाच.

समोरच्या टेबलावरच्या ताई हे सगळं चष्म्यावरून बघत होत्या. माझा दुसरा कीबोर्ड लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, दिसत नाही म्हणजे लिहिलं जात नाही असं नसतं. लिही आणि एंटर मार."

मी लिहिलं, एंटर मारलं. दार उघडलं.

आमचं ऑफिस छोटं आहे. जुने कागद स्कॅन करायचे आणि जपून ठेवायचे, हे काम. स्कॅन आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर जातात आणि त्या मशीनला माउस कळत नाही. जे सांगायचं ते टाइप करून. मला तीन महिने शिकाऊ म्हणून घेतलं होतं, पुढे ठेवायचं की नाही हे ताईंच्या मतावर होतं. इकडे कोपरला, घरी, आईने शेजारच्या काकूंना आधीच सांगून टाकलं होतं, "तिचं इंग्लिश मीडियम आहे, तिला काय अवघड!"

पण ते इंग्लिश नव्हतंच. दोन-दोन, तीन-तीन अक्षरं. ताई खडवलीच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, आणि त्यांनी ती सगळी अक्षरं घरातल्या भांड्यांसारखी हाताशी मांडून ठेवली होती. माझ्या वहीत त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं: pwd म्हणजे पत्ता, आपण कुठे आहोत. ls म्हणजे इथे काय काय आहे. cd म्हणजे चल. mv म्हणजे हलव. rm म्हणजे काढून टाक, आणि त्याखाली दोन रेघा.

"इथं कचऱ्याचा डबा नाही हां," त्या म्हणाल्या. "काढलं की गेलं. म्हणून आपल्याकडं पद्धत आहे. आधी पत्ता, मग काम. rm मारायच्या आधी पत्ता मोठ्यानं वाचायचा, मग ओळ मोठ्यानं वाचायची. शेजारच्याला ऐकू गेलं पाहिजे."

माझ्या दुसऱ्या बाजूला बसणारे दादा लगेच मला म्हणाले, "पीडब्ल्यूडी म्हणा मॅडम, पण हळू. खड्डे बुजवायला येतील."

सगळे हसले. मीही हसले. पण मोठ्याने वाचणं हीच माझी अडचण. शाळेत मराठी तासापुरतं होतं. मी मराठी बोलले की लोक म्हणतात, बातम्या वाचतेस का, आणि इंग्लिश बोलले की म्हणतात, शाइन मारते. त्यामुळे मी कमीत कमी बोलायला शिकले. ऑफिसातही मी एक युक्ती काढली. पत्ता वाचायची वेळ आली की फक्त ओठ हलवायचे. पंख्याच्या आवाजात कोणाला कळतंय.

बाकी ते मशीन मला आवडायला लागलं होतं. काम नीट झालं की ते काहीच बोलत नाही. नुसती पुढची रिकामी ओळ देतं. चुकलं तरच तक्रार करतं. माझ्यासारखंच कोणीतरी भेटलं असं वाटायचं.

दुसऱ्या महिन्यात खडवलीकडच्या एका जुन्या शाळेची जनरल रजिस्टरं आली. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ: नाव, जन्म, जात, गाव. पानं पापडासारखी झालेली. मुख्याध्यापकांनी अट घातली होती की कागदाला एकदाच हात लागला पाहिजे, पुन्हा उलटली तर तुटतील. त्या ओळींची किंमत मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेतली अशीच एक ओळ लागली होती. ती मिळेपर्यंत बाबांनी गावाला किती फेऱ्या मारल्या आणि दर फेरीहून आल्यावर ते कसे न बोलता चपला काढायचे, हे मी पाहिलं होतं.

दोन दिवस मी एकेक पान दोन्ही हातांनी काचेवर ठेवलं. बुधवारी सकाळी टेम्पो येऊन रजिस्टरं परत घेऊन गेला. मला हलकं वाटलं. आता फक्त सरावासाठी काढलेली चाचणीची पानं पुसायची होती. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या होत्या, एक sarav नावाच्या फोल्डरमधली, एक khadavli मधली. मी ओठ हलवले, rm *.tif, म्हणजे इथली सगळी पानं काढून टाक, असं लिहिलं आणि एंटर मारलं.

मशीन काही बोललं नाही.

मग सहज ls केलं. काहीच नाही. बरोबर, पुसलंच होतं. दुसऱ्या खिडकीत ls केलं, तर तिथे माझी चाचणीची वाकडी पानं रांगेत उभी होती. तेव्हा मी पहिल्यांदा pwd लिहिलं. खरं म्हणजे त्या दिवसातलं पहिलं. उत्तर आलं, शेवटी khadavli.

बॅकअप शनिवारी निघायचा. दोन दिवसांचं काम कुठेच नव्हतं आणि ती पानं पुन्हा उलटायची नव्हती. मी तशीच बसून राहिले. मनात दोन गोष्टी आल्या, त्या लिहिते, कारण दोन्ही खऱ्या आहेत. एक, कोणाला शनिवारपर्यंत कळणार नाही. दुसरी, बाबांच्या चपला.

ताई जेवायला बसल्या होत्या. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"ताई, माझ्याकडून खडवलीची सगळी पानं उडाली."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पत्ता वाचलास?"

"नाही."

"ओठ हलवलेस."

मी मान हलवली.

"मला दिसतं गं. महिनाभर बघतेय, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसतेस. आज सांगायला तरी आलीस. थांब, हात धुऊन येते."

त्या हात धुऊन, पुसून, सावकाश आल्या. माझ्या मागे उभ्या राहिल्या. "नुसतं cd लिही. पुढं काही नाही. आता आपण घरी आलो, तुझ्या घरी. आता लिही, ls mala."

मी लिहिलं. खडवलीची पानं पडद्यावर सरसर उतरायला लागली. पहिल्या पानापासून सगळी, क्रमाने.

"नवीन माणसाचं rm मी खरं ठेवतच नाही," ताई म्हणाल्या. "तो काढतो, ते माळ्यावर जातं. आपल्या घरात कधी कोणी काही थेट फेकलंय का? आधी माळ्यावर. दिवाळीला बघू."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मान खाली घालून मी दोन्ही लपवलं.

"रडतेस काय? खाली उतरव सगळं. आणि आता वाच. मला नको, त्या भिंतीला ऐकू जाऊ दे."

मी पत्ता वाचला. मग पूर्ण ओळ: हलव, माळ्यावरची सगळी पानं, खडवलीत. माझा आवाज बातम्यांसारखाच आला. दादांनी टोपणासकट पेन माइकसारखं पुढे धरलं. "पुढील बातमी, मॅडम?" मी एंटर मारलं. मशीन गप्प राहिलं. मी ls केलं, पानं जागेवर होती. एकही कमी नव्हतं, मी दोनदा मोजून घेतलं.

तीन महिने संपले त्या दिवशी ताईंनी विचारलं, "माळा काढू का आता तुझा?" मी म्हटलं, काढा. त्यांनी काढला. तेव्हापासून मी पत्ता वाचते. दादा म्हणतात, आता जरा हळू वाचा.

परवा त्या शाळेतून फोन आला. कोणाला तरी आपल्या आजीची नोंद हवी होती, शाळेतलं पान हात लावताच तुटलं होतं. ताईंनी फोन कानाशी धरून माझ्याकडे पाहिलं आणि पानाचा नंबर सांगितला. मी पत्ता वाचला, ओळ वाचली, पान उघडलं. निळ्या शाईतली ती ओळ स्वच्छ दिसत होती.

"आहे का गं?" ताईंनी विचारलं.

"आहे!" मी म्हटलं. फोनच्या पलीकडच्या माणसालाही ते थेट ऐकू गेलं असावं, कारण ताईंनी ते परत सांगितलं नाही.