मैनेच्या पायाची हळद

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. वाचायचं, हसायचं, मोबाईल बाजूला ठेवायचा. मी जनावरांचा डॉक्टर आहे, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. वीस वर्षांत शेकडो गाई-म्हशी, कुत्री, बैल या हातांनी वाचवलेत आणि या हातांनी शेवटचं इंजेक्शनही दिलंय. स्टेथोस्कोप लावायचा, ठोका बंद झाला की संपलं. त्यापुढे काही असतं असं मला कधी वाटलं नाही. घरात आई अमावस्येला दारात लिंबू बांधायची, ते मी क्लिनिकला जाताना काढून टाकायचो. असा मी माणूस. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहितो.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली. पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका माळावर एका ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग चालू होतं. नाव सांगत नाही. लढाईचा सीन, दोनअडीचशे ज्युनिअर आर्टिस्ट, आणि पंचेचाळीस घोडी. सेटवर जनावरं असली की डॉक्टर लागतो. रोज सकाळी प्रत्येक घोडं तपासायचं आणि ‘कामास योग्य’ म्हणून सही करायची, हे माझं काम. दहा दिवसांचं.

घोडी कुठून कुठून आणलेली. लग्नाच्या वरातीची, जत्रेत नाचणारी, काही शर्यतीतून निवृत्त झालेली. सिनेमात पडद्यावर ती सगळी मोठी लढाऊ दिसतात. प्रत्यक्षात निम्म्या घोड्यांना फटाका वाजला तरी घाम फुटतो.

त्यात कल्लाप्पाण्णांची तीन होती. कल्लाप्पाण्णा चंदगड तालुक्यातले, साठीच्या आसपासचे, थोडं काजूचं रान आणि ही तीन घोडी. लग्नसराईत वरातीला द्यायची, मधूनच कुणी सिनेमावाला आला तर इकडे. त्यांची मैना नावाची घोडी होती... अंगानं तांबडी, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरेशुभ्र. कॅमेरामनला ती फार आवडायची. स्वभावानं इतकी गरीब की तपासताना माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची.

अण्णा म्हणायचे, “हिला मी न्हाय वाढवली डॉक्टर, आमच्या मंडळीनं वाढवली. शिंगरू असताना आई मेली हिची. गंगाक्कानं बाटलीनं दूध पाजलंय. अजून माझं ऐकत न्हाय, तिचं ऐकती.”

गंगाक्का म्हणजे त्यांची बायको. मी तोवर त्यांना पाहिलं नव्हतं. फोनवरचा आवाज मात्र सगळ्या सेटला पाठ होता, कारण अण्णांना कमी ऐकू येतं आणि त्यांचा फोन कायम स्पीकरवर. रोज एकच प्रश्न... “मैनानं खाल्लं का?” आधी मैना, मग नवरा.

सातव्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी सगळी घोडी तपासली, सह्या केल्या. अकराच्या सुमाराला शॉटसाठी घोड्यांची लाईन लागली. पंधरा घोडी भरधाव येणार, मध्ये दोन ब्लास्ट होणार, धूळ उडणार. घोडी पाडायची नव्हती, पडणारी शिकवलेली घोडी वेगळी असतात. मैनेनं फक्त पळायचं होतं. पहिला टेक झाला, दुसरा झाला. डायरेक्टरला धूळ कमी वाटली. तिसऱ्याला ब्लास्टची दारू वाढवली.

ब्लास्ट झाला तेव्हा मैना अगदी जवळ होती. ती एकदम उजवीकडे वळली, पुढचा उजवा पाय जमिनीत रुतला आणि अंग मात्र पुढे गेलं. आवाज मी पन्नास फुटांवरून ऐकला. उसाचं कांडं मोडल्यासारखा. तिच्यावर बसलेला फायटर बाजूला फेकला गेला, त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मैना पडली, आणि उठायचा प्रयत्न करायला लागली.

मी धावलो. गुडघ्याखाली नळीचं हाड मोडून बाहेर आलं होतं, पाय नुसत्या कातड्यावर लोंबत होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, घोड्याला असं झालं की उपाय नसतो. मी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि अण्णांकडे पाहिलं. ते मैनेच्या डोक्यापाशी बसले आणि होकाराची मान हलवली फक्त.

मी शेवटचं इंजेक्शन काढलं तर प्रॉडक्शनचा माणूस आडवा आला. “डॉक्टर, पाच मिनिटं. आधी पब्लिक हलवू द्या, सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत.”

“अहो, ती तडफडतेय!”

“पाचच मिनिटं.”

पाचाची पंचवीस झाली. मी भांडलो, ओरडलो... पण थांबलो, हे खरं आहे. या काळात एक गोष्ट घडली, तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आधी मैना भयंकर धडपडत होती, तीन माणसांना आवरत नव्हती. आणि मग अचानक शांत झाली. ग्लानी नव्हती ती, ग्लानी मला कळते. कान ताठ होते, दोन्ही कान एकाच बाजूला वळलेले, कुणी बोलत असल्यासारखे. डोळे अर्धे मिटलेले. आणि खालचा ओठ हलत होता... मानेला खाजवलं की घोडं सुखानं ओठ हलवतं ना, तसा. मी स्वतःला म्हटलं, इंजेक्शनचा परिणाम. पण इतक्या मोठ्या दुखण्यावर ते इंजेक्शन एवढं चालत नाही, हेही मला माहीत होतं.

शेवटी माळ मोकळा झाला. अकरा पन्नासला मी तिला झोपवलं. ठोका थांबेपर्यंत स्टेथोस्कोप धरून बसलो. घड्याळ पाहिलं, कारण वेळ कागदावर लिहावी लागते.

आम्ही दोघं तसेच बसून होतो. अण्णांचा हात तिच्या कपाळावर. आणि त्यांचा फोन वाजला. स्पीकरवरच.

“ध्यान कुठं हाय वो तुमचं? घोडी सुटून घरला आली तरी पत्त्या न्हाय तुमाला!”

अण्णांनी फोन तोंडाजवळ नेला. मग म्हणाले, “कुठली घोडी?”

“कुठली म्हंजे? मैना! अर्धा तास झाला येऊन. पाय मोडून घेतलाय तिनं. उजवा, फुडचा. गुडघ्याच्या खाली लोंबतोय नुसता, हाड भाईर आलंय. काय करून ठेवलंत वो जनावराचं?”

पन्हाळा ते अण्णांचं गाव, शंभर किलोमीटरच्या वर अंतर आहे. आणि मैना पडल्यापासून आमच्यापैकी कुणीही तिकडे फोन केला नव्हता. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. “तुमीच बोला डॉक्टर. मला काय सुधरंना.”

मी म्हटलं, “अक्का, मी डॉक्टर बोलतोय. दुसरं कुणाचं तरी घोडं असेल...”

“आवं, मी पोरीसारखी वाढवलीया तिला, वळखणार न्हाय व्हय? धडपडत हुती, अंगनात टेकली. मी मान खाजवली तवा गप झाली. हळद आन् त्याल लावून बसलेते इतका येळ, म्हून फोन कराय उशीर झाला. आता पाणी न्यायला आत आलीया. थांबा, तुमाला दाखवतेच, पोरानं शिकवलंय मला व्हिडिओ...”

पावलांचा आवाज आला. बादली ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

“मैना?” फोनमधून हाक आली. मग पुन्हा, लांबून, “मैनाऽऽ...” मग परत फोनजवळ, एकदम बारीक आवाजात, “डॉक्टर, आत्ता हितंच हुती की वो.”

मी खाली पाहिलं. आणि जे पाहिलं ते अण्णांनीही पाहिलं, म्हणूनच आज लिहायचं धाडस होतंय.

मोडलेल्या पायावर, जखमेच्या भोवती, पांढऱ्या केसांत पिवळा रंग होता. हळदीचा. केस तेलानं चपटे झालेले. अर्ध्या तासापूर्वी तोच पाय मी दोन्ही हातांत धरला होता. तेव्हा त्यावर रक्त आणि माती होती, बाकी काही नव्हतं. मी वाकून वास घेतला. हळद आणि खोबरेल.

अण्णा रडले नाहीत. ते उठून दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले, आणि मैनेला पुरेपर्यंत जवळ आले नाहीत.

मी कापसानं थोडा रंग पुसून पिशवीत ठेवला. मग सेटवर फिरून सगळ्यांना विचारलं. देवळाच्या सीनसाठी उधळायला हळदीचा भंडारा लागणार होता, पण ती पोती अजून आलीच नव्हती. मेकअपच्या पेटीत रक्ताचा लाल रंग होता, पिवळा नव्हता. माझ्या बॅगेत तसलं मलम नव्हतं. संध्याकाळी जेसीबीनं खड्डा काढला. त्यात मैनेला ठेवलं तेव्हाही तो पाय पिवळाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी उरलेली दोन घोडी टेम्पोत घालून अण्णा गावी निघाले, मी माझी गाडी घेऊन मागोमाग गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. गंगाक्का दारातच होत्या. बारीक अंगाच्या, हातांना काजूच्या चिकाचे काळे डाग, बोटं अजून पिवळी. अण्णांनी रात्रीच फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी त्यांनी टेम्पोत वाकून तिसरं घोडं शोधलं.

मग मला अंगणात घेऊन गेल्या. काल सकाळी त्यांनी अंगण सारवलं होतं. घोडी घरात नसल्याला आठ दिवस झाले होते. त्या ओल्या सारवणात खुरांचे ठसे उमटून वाळले होते. तीन पायांचे ठसे स्वच्छ, नालांसकट. चौथ्याच्या जागी नुसता लांबलचक ओरखडा... फाटकापासून दावणीपर्यंत. परत जाणारा ठसा एकही नव्हता.

“डॉक्टर,” गंगाक्कांनी विचारलं, “तिकडं तडफडली का वो ती?”

खोटं बोलावं असं वाटलं, पण जमलं नाही. “सुरुवातीला. मग शांत झाली.”

“किती येळ शांत हुती?”

“वीस मिनिटं... थोडं जास्तच.”

त्यांनी मान हलवली. “तेवढाच येळ हुती माझ्याजवळ.”

अण्णांनी महिन्याभरात दोन्ही घोडी विकली. सिनेमा पुढच्या वर्षी लागला. सुरुवातीला पाटी येते, चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही म्हणून. तो शॉट सिनेमात आहे. वळेपर्यंतचा ठेवलाय, पुढचा कापलाय. थिएटरात शिट्ट्या पडल्या. मी मध्येच उठून बाहेर आलो.

मी कॉलेजमधल्या माझ्या जुन्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शांत झाली ते शॉकमुळे. हळदीचं विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, झोप नीट लागते का? तो कापूस मी लॅबला पाठवणार होतो. पाठवला नाही. हळद निघाली असती तर काय करायचं, आणि नाही निघाली तर काय करायचं, दोन्ही कळेना. तुमच्यापैकी कुणाला काही समजत असेल तर सांगा. मला आजही समजत नाही.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी सकाळी तपासताना मैनेचा उजवा पुढचा पाय मला किंचित गरम लागला होता. नळीवर बोट दाबलं तर तिनं पाय उचलून घेतला. एक दिवस विश्रांती द्यायला हवी होती. पण कोऑर्डिनेटर मागे उभा होता, “डॉक्टर, लाईन लावायचीय, आवरा,” म्हणत होता... आणि मी सही केली.

गंगाक्का अजून मला फोन करतात, सणासुदीला. गेल्या महिन्यात काजूगराचा डबा पाठवला. “डॉक्टर, लई केलंत तुमी तिच्यासाठी,” म्हणाल्या. दर वेळी वाटतं, आज सांगून टाकू. आणि दर वेळी मी, हो अक्का, म्हणतो आणि फोन ठेवतो.