खोबरेलातली लवंग आणि साडेतेरा व्होल्ट

आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि त्या पिशवीला रबरबँड. फ्रिज घेऊन अकरा वर्षं झाली, पण दारावरचा पातळ प्लॅस्टिकचा कागद अजून निघालेला नाही. खालचा रंग नव्यासारखा आहे असं आम्ही धरून चालतो, कारण तो कुणी पाहिलेलाच नाही. ही शिस्त माझी. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी गाडी घेतली, तिच्या टपावर सोलर पॅनल बसवलं आणि मग पहिलं काम काय केलं, हे ओळखायला ज्योतिषी नको. बिबवेवाडीतल्या आमच्या शिंप्याकडून पॅनलला जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. चारी कोपऱ्यांना नाड्या.

गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. वाघोलीच्या एका कारागिराने आत दोन बाकं, ओटा आणि लहानसा फ्रिज बसवून तिचं फिरतं घर करून दिलं. तो तिला कॅम्पर म्हणायचा. सोसायटीतले लोक मात्र "रसवंती कधीपासून सुरू करताय?" असं विचारायचे. बाकाखाली बॅटरी होती आणि भिंतीवर चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बेताबेताने बॅटरीत सोडणारा, कंपासपेटीएवढा डबा. त्याच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र आणि शेजारी व्होल्टचा आकडा. बॅटरी फारच उतरली तर फ्रिज आपोआप बंद करायचं कामही त्याचंच.

हा खटाटोप बायकोसाठी होता. तिला सहा वर्षांपूर्वी इन्शुलिन सुरू झालं, आणि तेव्हापासून ती एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती. औषध गरम झालं की वाया, हे डॉक्टरांनी तिला एकदाच सांगितलं होतं आणि तिने ते कायमचं ऐकलं होतं. तिची थोरली बहीण गुहागरला. तिथे वीज आली की लोक एकमेकांना बोलावून दाखवतात. ताईंना वयामुळे प्रवास झेपत नाही आणि हिला फ्रिज सोडवत नाही, म्हणून दोघी सहा वर्षं फोनवरच भेटत होत्या. आता ताईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस ठरला. मी छाती काढून जाहीर केलं, की आपण फ्रिजच बरोबर नेऊ.

"आधी आठ दिवस खाली पार्किंगमध्ये चालवून दाखवा," ती म्हणाली. "मग मी येते."

तिने एका वाटीत खोबरेल तेल घेतलं. पुण्याच्या थंडीत ज्याची बाटली उन्हात ठेवावी लागते, तेच. फ्रिजमध्ये ते गोठत आलं तेव्हा तिने त्यात एक लवंग उभी खोचली. फ्रिज बराच वेळ बंद राहिला तर तेल वितळणार आणि लवंग आडवी होणार.

"आकडे तुम्ही बघा," ती म्हणाली. "मी लवंग बघीन."

इतक्या महागाच्या यंत्रावर देखरेख करायला मसाल्याच्या डब्यातली लवंग! मी हसलो. आता ते हसू आठवलं की कान गरम होतात.

रोज दुपारी बारा वाजता मी खाली जायचो, शिडी लावायचो, पॅनलचं कव्हर काढायचो आणि आत येऊन आकडा बघायचो. साडेतेरा. माहितीपुस्तकात लिहिलं होतं की बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की बारा पूर्णांक सात दाखवते. आमची साडेतेरा दाखवत होती! म्हणजे भरून वर पाऊण व्होल्ट शिल्लक. चित्रातली बॅटरीही काठोकाठ. मी त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचो, तासाभराने कव्हर परत घालायचो, नाड्या बांधायचो आणि वर येऊन झोपायचो. एप्रिलच्या उन्हात पॅनल उगाच का खराब करा?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी फ्रिज उघडला. तेल घट्ट होतं आणि लवंग त्यात आडवी रुतली होती.

म्हणजे पहाटे केव्हातरी फ्रिज बंद पडला होता, तेल पातळ झालं होतं, आणि कव्हर निघाल्यावर पुन्हा गोठलं होतं. लहान मुलाच्याही लक्षात येईल. माझ्याही आलं. पण पडद्यावर साडेतेरा होतं. तेल म्हणत होतं बॅटरी संपली, आकडा म्हणत होता भरली आहे, आणि मी आकड्याचं ऐकलं, कारण तो माझ्या बाजूने बोलत होता. लवंग नखाने उकरून काढली, उभी खोचली आणि अंगठ्याने तेल सारखं केलं. संध्याकाळी बायको बघून आली. मग स्वयंपाकाला लागली.

मन खात होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच कात्रजला एका बॅटरीवाल्याकडे गेलो. माझ्याच वयाचा माणूस. त्याने माझं सगळं पुराण ऐकून घेतलं.

"आकडा कधी बघता आपण?"

"दुपारी बाराला. कव्हर काढल्यावर."

"कसलं कव्हर?"

"पॅनलचं. एरवी झाकून ठेवतो."

त्याने चष्मा काढून पुसला. "का?"

"खराब होऊ नये म्हणून."

"वा," तो म्हणाला. "म्हणजे सूर्याला आपण दिवसाकाठी एक तास भेटीची वेळ दिली आहे. येतो का तो वेळेवर?"

मग त्याने समजावलं. ऊन असताना पॅनल बॅटरीत वीज ढकलत असतं, तेव्हा जो आकडा दिसतो तो त्या ढकलण्याचा. बॅटरीच्या पोटात किती आहे ते त्यातून कळत नाही. "पंगतीतून उठणाऱ्याला भूक आहे का विचारलं तर तो नाहीच म्हणणार. पहाटे विचारा. ऊन नको, फ्रिज थोडा वेळ बंद, आणि मग बघा. साडेबाराच्या आसपास असेल तर ठीक. बारा दाखवलं तर अर्ध्याहून जास्त संपली. अकराला आली तर विषयच संपला." आणि निघताना म्हणाला, "ते कव्हर शिंप्याला परत द्या. तो शहाणा दिसतोय, पैसे आधी घेतले त्याने."

कव्हर त्याच दिवशी उतरलं. पुढचे चार दिवस लवंग ताठ उभी होती. बायकोला मी यातलं अक्षरही सांगितलं नाही. गाडी सुधारली होती, मग जुन्या गोष्टी उगाळून काय मिळणार?

आठव्या संध्याकाळी तिने वाटी वर आणून माझ्यासमोर ठेवली. बॅगा भरून तयार होत्या. ताईंसाठी घेतलेलं नऊवारीही त्यांच्यावरच ठेवलेलं होतं.

"मी लवंग उलटी खोचली होती," ती म्हणाली. "फूल खाली, टोक वर. तुम्ही ती खिळ्यासारखी सरळ ठोकलीत."

पाच दिवस तिला माहीत होतं.

"म्हटलं, सांगताय का बघू. त्यात औषध माझंच ठेवायचं होतं ना?"

मी सगळं सांगितलं. कव्हर, साडेतेरा, अंगठा, कात्रज. शेवटी जोर करून म्हणालो, "पण आता चार दिवस नीट चाललंय की."

"चाललंय, हे कोण सांगतंय?"

मला स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, लहानपणी चोरी पकडल्यावर वाटते तशी. तिने नवी वाटी भरली आणि आठ दिवस पहिल्यापासून सुरू झाले. ताईंचा दिवस त्यातच येऊन गेला. ताईंना फोन तिने मलाच करायला लावला. मी म्हणालो, "माझ्यामुळे येणं होत नाहीये." ताई म्हणाल्या, "हजार चंद्र झाले, आता आठ दिवस कसले मोजायचे?" शेजारी बसून हिने पदराने डोळे पुसले.

आठ दिवसांनी निघालो. गाडी पन्नासच्या वर न्यायची नाही असा माझा नियम, म्हणून पहिला मुक्काम कराडच्या पुढे एका पेट्रोल पंपावर पडला. इन्शुलिन फ्रिजमध्ये नव्हतं, हे मला तिथे कळलं. बर्फ घातलेला थर्मास ती पुण्यापासून मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं होतं त्यात चहा आहे.

पहाटे तिने मला उठवलं. "बघा आणि सांगा."

मी फ्रिज थोडा वेळ बंद ठेवला आणि आकडा बघितला. बारा पूर्णांक तीन. साडेबारा म्हणावंसं वाटलं. जीभ तिथपर्यंत आलीही होती.

"बारा पूर्णांक तीन," मी म्हणालो. "थोडी कमी आहे. लवंग उभी आहे, फूल खाली."

तिने थर्मासचं झाकण उघडलं, औषधाच्या बाटल्या एकेक करून पुसल्या आणि फ्रिजमध्ये वाटीशेजारी ठेवल्या.