मेलेआनेची एक ओळ

मेलेआनेला गावात कुणी लाजाळू म्हटलं नसतं. तारऑफिसात तिने जन्मभर काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केले, आणि ऑफिस बंद पडल्यावर घरच्या कॉम्प्युटरवरही ती सवय सोडली नाही. "चित्रांवर बोट ठेवत बसायला मी काय तान्हं बाळ आहे?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

टोंगात चर्चच्या गाण्यांचे सूर आकड्यांत लिहितात, चार आवाजांच्या चार ओळी एकाखाली एक. आकड्याखाली आकडा बसला तरच सगळे एका वेळी तोंड उघडतात. गेल्या वर्षी दुकानातून छापून आणलेल्या कागदांवर आकडे सरकले आणि मोठ्या संमेलनात गावाचा पार फज्जा उडाला. गाणं मेलेआनेच्या वडिलांचं, ते वारले त्या वर्षी त्यांनी रचलेलं. लोक हसले ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

यंदा ऑकलंडच्या नातेवाइकांनी चर्चच्या हॉलसाठी नवाकोरा प्रिंटर पाठवला. गायकांचा म्होरक्या सायमोने, मेलेआनेचा धाकटा भाऊ. पण टोंगाच्या रीतीने मोठे झालेले भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत, आणि बहिणीचा मान भावाहून वरचा. म्हणून प्रिंटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर कुंपणापलीकडे मेलेआनेच्या घरी, आणि मध्ये फोनवर भावजय फुसी.

संमेलनाला नेणारी बोट धक्क्याला लागली होती. मेलेआनेने एक ओळ लिहिली: छापायचा हुकूम, प्रिंटरचं नाव, गाण्याचं नाव. एन्टर.

"वन्सं, दिवा नुसता लुकलुकतोय. कागद घाला म्हणतोय."

"मग घाल की!"

"अहो, ठासून भरलाय! ह्यांनी थापटूनही बघितलं. म्हणतायत, राहू दे, दुसरंच गाणं म्हणू."

मेलेआनेचा पारा चढला. "बाबांचं गाणं राहू दे? पुन्हा हसं होईल म्हणून घाबरला होय? फुसी, प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर काय लिहिलंय ते सगळं वाच."

"कागदाचं माप लिहिलंय. इंचांत."

इंचांत! मेलेआनेने कपाळावर हात मारला. कॉम्प्युटर भाच्याने अमेरिकेहून पाठवलेला. त्याला वेगळं सांगितलं नाही तर तो तिकडचाच कागद धरून चालायचा, जरा रुंद, जरा आखूड. तसला कागद अख्ख्या बेटावर औषधालाही मिळाला नसता. प्रिंटर बिचारा त्याचीच वाट बघत बसला होता.

"चूक माझी गं. पण सायमोनेला सांगू नकोस," ती म्हणाली. आधीचा हुकूम रद्द केला, तीच ओळ पुन्हा लिहिली आणि मध्ये इथल्या कागदाचं माप घातलं, 'ए-फोर'.

"आले, वन्सं! आकड्याखाली आकडा, पट्टी लावल्यासारखे!"

मेलेआने खिडकीशी गेली. सायमोनेने गायकांना धक्क्याकडे नेलं नाही. कुंपणाशी ओळीने उभं केलं, तोंडं तिच्या घराकडे. स्वतः गायकांसमोर, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे रीतही मोडली नाही. त्याने हात वर केला आणि चारही आवाज एकदम उठले. कुणीही मागे पडलं नाही. मेलेआनेची छाती अभिमानाने भरून आली आणि डोळे वाहू लागले. ते तिने पुसलेही नाहीत.

बोटीने भोंगा दिला.

"वन्सं, निघतो आम्ही."

"पुन्हा पहिल्यापासून म्हणा," मेलेआने म्हणाली. "बोटवाल्याला सांग, मी ऐकतेय."

बोट थांबली.