पाच जागांचं भांडण

मी एक पार्सर लिहिते. साध्या टाइप केलेल्या मजकुरातल्या खुणा वाचून त्याचं नीट मांडलेलं पान करून देणारा प्रोग्रॅम. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, वापरावा आणि वर मला शहाणपण शिकवावं. धर्माची गाय आणि दात का नाय, असं विचारणारी माणसं जगभर आहेत, हे मला इथे हिंदी मुलखात, महाराजपुरातल्या घरात बसून कळलं. त्यांना मी तोडून बोलते. त्यात मला मजाही येते.

बाबा सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या बुद्धविहाराच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायला घेतला: आजोबा नागपूरकडून इथे कामाला कसे आले, कांचघर वस्तीतल्या एका खोलीत सगळे कसे राहिले. स्मरणिका नेहमी हिंदीतच निघते. पण आजोबांचं बोलणं जसंच्या तसं यावं म्हणून लेख मराठीतच छापायचा, हा बाबांचा हट्ट. समितीने कुरकुरत मान्य केलं. मराठी पानं मात्र तुम्हीच तयार करून द्या म्हणाली. म्हणून लेख माझ्या पार्सरमधून जायचा होता.

बाबांनी प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला, टाइपरायटरच्या सवयीने, स्पेसबार दाबून पाच रिकाम्या जागा सोडल्या. आमच्या फॉरमॅटमध्ये ओळीआधी चार किंवा जास्त जागा आल्या, की तो मजकूर कोड समजला जातो आणि राखाडी चौकटीत जातो. आजोबांसकट सगळं कांचघर चौकटीत गेलं.

मी सांगितलं, जागा काढा. ते म्हणाले, तुझं यंत्र सुधार. नियम माझा नाही, जगाचा आहे, असं मी ऐकवलं. खरं तर तो नियम बंद करायची सोय देता आली असती. पण हीच मागणी एका उर्मट परदेशी माणसाने केली होती आणि त्याला मी चारचौघांत झिडकारलं होतं. आता बाबांसाठी माघार घ्यायची, हे मला मुळीच मंजूर नव्हतं.

एका दुपारी ते झोपले असताना मी सगळ्या जागा पुसून टाकल्या. उठल्यावर त्यांनी एकेक करून परत टाकल्या.

"काहून पुसून राहिली वं?" ते म्हणाले. "ह्याच जागांवर मी टायपिंगची परीक्षा पास झालो. आपल्या घरात खुर्चीवर बसणारा पहिला मी. साहेबाचं नाही ऐकलं, तू कोण?"

"मग छापा चौकटीतच," मी म्हटलं.

आई मध्ये पडली नाही. आमच्या घरी सुंभ जळतो, पीळ जात नाही. बाबा आणि मी एकत्र जेवायचं सोडलं.

स्मरणिका आली तेव्हा बाबांनी ती माझ्या कीबोर्डवर आपटली आणि बाहेर निघून गेले. सराफा बाजाराजवळच्या छापखान्यातल्या भैयाला त्यांनी लेख तोंडी सांगितला होता, आणि त्याला मराठी येत नव्हतं म्हणून हिंदीत. प्रत्येक परिच्छेदाआधी जागा अगदी बरोबर सोडलेली होती. आणि आत आजोबा हिंदीत बोलत होते. आजोबांना जन्मात हिंदी धड बोलता आली नाही. माझ्यावर सूड उगवायला बाबांनी स्वतःच्या बापाची भाषा काढून घेतली. अजून आठवलं की मी पेटते.

चौकटीचा नियम बंद करायची ती सोय मी त्याच आठवड्यात पार्सरमध्ये घातली. बाबांनी पाहायला नकार दिला. परदेशी माणसाने मात्र लगेच लिहिलं: एवढा उशीर का लावला?