दाजींची मूठ

आक्काचा फोन आला तेव्हा मी नेरे गावातल्या माझ्या घरी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "सुले, गेले तुजे दाजी," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "आता गायनाचं बग." बस्स. ना हुंदका, ना हाय देवा. मी हातात ओली चादर घेऊन उभी... आणि देव मला क्षमा करो, मला हसूच आलं. ज्या माणसानं बायकोला गाण्यातून उठवलं, त्याच्या मरणात तिला पहिली काळजी गाण्याची!

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. पौडकडच्या आमच्या चर्चचे गायनप्रमुख, सगळ्यांचे शमुवेलसर. उभा जन्म त्यांनी कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, चालवला. भातखाचरातून आलेल्या, कंपनीतली पाळी संपवून आलेल्या माणसांना त्यांनी चार आवाजांत गायला शिकवलं. गेलेल्या माणसाबद्दल 'प्रेमळ, मनमिळाऊ' असं छापून येतं, ते मी लिहिणार नाही. माणूस खवट होता. त्यांचा पंजा उघडला की गायचं, मूठ मिटली की श्वासाचाही आवाज नको. एकदा ताम्हिणीहून भिजत आलेल्या बाईला त्यांनी दारातच सांगितलं होतं, "आधी कापडं वाळवा. दातांचा आवाज गाण्यात नको." पण तो पंजा उघडला आणि आम्ही सगळे एकदम लागलो, की खरं सांगते, अंगावर काटा यायचा. तेवढ्यासाठी आम्ही सगळं सोसलं.

आक्काचा आवाज आमच्यात सगळ्यांत गोड. पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज चिरकला तो चिरकलाच. बरी होऊन ती पहिल्यांदा सरावाला आली, एक कडवं गायली, आणि दाजींनी मूठ मिटली. "रविवारपास्नं तू खाली बस." खाली म्हणजे मंडळीत, बाकावर. सगळ्यांसमोर. मी पडले फटकळ तोंडाची, म्हटलं, "अवो दाजी, देवाला चालतोय की तिचा आवाज!" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "देवाला चालत आसंल, मेव्हणीबाई. मला न्हाई." आक्का उठली, पदर सावरला, घरी गेली. त्यानंतर दर रविवारी गीत सुरू झालं की बाकावर तिचे ओठ हलायचे, आवाज नाही. घरी भाकरी थापताना चुकून गुणगुणली, तर आतून दाजी खाकरायचे. की ही गप्प.

दाजींची पाळी यायची होती, ती आली. हिंजवडीकडची तरुण कुटुंबं चर्चला यायला लागली, त्यांना गिटार हवी, ड्रम हवा, पडद्यावर शब्द हवेत. त्यात काय वावगं? पण दाजींना 'आता थांबा' म्हणायची छाती कुणाचीच होत नव्हती. नव्या पाळकसाहेबांचीही नाही. मग त्यांनी शक्कल काढली. दाजींना सांगायचं ते त्यांनी देवालाच सांगितलं. रविवारच्या उपासनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि पाळकसाहेब प्रार्थनेत म्हणतात, "हे प्रभू, आमचे बंधू शमुवेल आजपासून सेवेतून विश्रांती घेत आहेत, त्यासाठी तुझे आभार मानतो..." मी खाडकन डोळे उघडले. दाजींचेही उघडे होते. प्रार्थनेच्या मध्येच कसं बोलणार? आणि आमच्याकडे पाळकांची प्रार्थना संपली की कॉयरनं तीनदा आमेन गायचं, ही रीत. म्हणजे 'तसंच होवो' म्हणायचं. प्रार्थना संपली. दाजींचा पंजा उघडला. स्वतःच्या हकालपट्टीवरचं आमेन त्यांनी आमच्याकडून चार आवाजांत गाऊन घेतलं, एक सूर इकडचा तिकडे नाही... मग मूठ मिटली. पुन्हा ते चर्चची पायरी चढले नाहीत.

त्याच गायनाचं आता मला बघायचं होतं. पाळकसाहेब फोनवर म्हणाले, "ताई, कशाला त्रास? आपण स्पीकरवर ट्रॅक लावू." मी म्हटलं, "तुमचा ट्रॅक तुमच्या मरणाला ठेवा." जुन्यांपैकी जे चालू शकत होते त्यांना रिक्षा धाडून गोळा केलं. आक्काची एकच अट होती. दुसरं काही नको, पाळकांच्या प्रार्थनेवर दाजींचं ते आमेन झालं पाहिजे.

कबरस्थानात पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. दाजींची अशी स्तुती केली, अशी स्तुती, की पेटीतला माणूस उठून बसावा. 'आमच्या मंडळीचे अनमोल रत्न' म्हणे! प्रार्थना संपली. आम्ही तयार, पण पंजा कोण उघडणार? तेव्हा कबरीच्या डोक्याशी उभ्या असलेल्या आक्कानं हात वर केला. हुबेहूब दाजींसारखा. आम्ही श्वास घेतला... आणि तिनं मूठ मिटली. आमची तोंडं उघडी ती उघडीच. पाळकसाहेब वाट बघत राहिले, शेवटी आपलं आपणच "आमेन" पुटपुटले. पहिली माती पडेपर्यंत आक्काची मूठ वर होती. दाजींना आम्ही मुक्यानं पुरलं.

परतताना मी तिला धरून विचारलं, "अगं, तूच म्हणालीस ना गायनाचं बघ? पाळकाचा सूड घ्यायला स्वतःच्या नवऱ्याला बिनगाण्याचं घालवलंस?"

"एकट्या पाळकाचा कशाला," ती म्हणाली. "दोगांचाबी."

तिच्यावर मी फार चिडले. कित्येक दिवस बोलले नाही. दाजी कसेही असोत, ते आमेन त्यांचं होतं, आणि त्या सुरात घातलेली माझीही वर्षं त्या खड्ड्यात गेली, असं मला वाटत होतं.

मागच्या रविवारी मात्र न राहवून आक्काकडे गेले. दाजींची खोली तशीच आहे, कोपऱ्यात हार्मोनियम, तिच्यावर त्यांचाच चष्मा, आणि जेवायला बसायची त्यांची खुर्ची भिंतीला टेकवलेली. या घरात जेवणाआधीच्या प्रार्थनेलाही दाजींचा हात उठायचा, आणि त्यांचं आमेन झाल्याशिवाय कुणी घास मोडायचं नाही. आक्कानं वाढलं, प्रार्थना केली, आणि सवयीनं आम्ही दोघी थांबलो. भात निवत होता.

मग आक्कानं खुर्चीकडे तोंड केलं, पंजा उघडला आणि गायली. तीनदा. चिरक्या, फाटक्या आवाजात, शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. डोळ्यांतून धारा, आणि थांबायला तयार नाही. गाऊन झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली,

"ऐकलं का? आता काडा की भायेर."