झाकणावरचा डबा

घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेल्यामुळे बंद पडलेली वस्तू उघडल्याशिवाय म्हाताऱ्या घड्याळजींना चैन पडत नसे. दुकान मुलाच्या हवाली करून त्यांनी मागच्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र मांडलं, तरी ती खोड गेली नाही. पहिल्या खेपेला एक पिल्लू अडलं म्हणून त्यांनी सारखं झाकण उघडलं. आतला ओलावा गेला, बाकीच्या अंड्यांतला पापुद्रा वाळून पिल्लांना चिकटला आणि बरीचशी आतच दगावली.

या खेपेला बायकोने झाकणावर पिठाचा डबाच ठेवला.

यंत्राच्या काचेतून एका अंड्याला पडलेलं भोक दिसत होतं. आतली चोच सकाळपासून तिथेच अडली होती.

"अगं, नुसता एक टवका काढतो. माझा हात हलका आहे."

"म्हणूनच डबा जड ठेवलाय," ती म्हणाली. "बाकीची बाहेर येऊ द्या, मग काय ते करा."

ते हात मांडीखाली दाबून बसले. दुपारी बाकीची सगळी पिल्लं बाहेर पडली, तेव्हा तिने डबा उचलला. त्यांनी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापुद्र्यावर फिरवला आणि चिमट्याने कवचाचा तुकडा काढला. खाली लाल रेघ दिसली. पापुद्र्यातलं रक्त अजून पिल्लाच्या अंगात गेलं नव्हतं. आणखी सोललं असतं तर ते रक्तस्रावानेच मेलं असतं. त्यांनी अंडं परत आत ठेवलं, ओलावा राहावा म्हणून आतल्या ताटलीत पाणी ओतलं, झाकण लावलं आणि डबा स्वतःच वर ठेवला.

दिवेलागणीला पिल्लू आपलं आपण बाहेर आलं, तेव्हाही त्यांचा हात डब्यावरच होता.